मुळशीचा प्रवास

शाळेंतून निवृत्त झाल्यापासून मुळशीची वाट मीं अनेकदां तुडविली आहे. वाचकांपैकीं कोणी यंदा पावसाळ्यांत तिकडे जाणार असतील, त्यांनीं एका जुन्या पंतोजीचे अनुभवाचे चार शब्द ऐकावे.

स्वतःची गाडी नसली तरी चिंता नको. पुण्याहून भूगांव, पिरंगुट या मार्गानें तालुक्याचें ठाणें जें पौड, तेथवर शहरबस जाते; अंतर सुमारें ३० किलोमीटर. पुढें धरणाच्या कांठानें जाऊन ताम्हिणी घाटानें माणगांवास उतरणारी एस.टी. धरावी. मात्र परतीची शेवटची गाडी किती वाजतां आहे, हें वाहकास आधींच विचारून घ्यावें. मोटारीनें जाणारांनीं पिरंगुट किंवा पौड येथेंच पेट्रोल भरावें. घाटांत धुकें दाटलें म्हणजे दहा हातांपलीकडचें दिसत नाहीं, आणि मोबाइलही मुका होतो. धबधब्याखालीं किंवा ओढ्याच्या पात्रांत उतरूं नये. वर डोंगरांत पडलेल्या पावसाचा लोंढा खालच्यास न कळत येतो.

शेवटच्या गाडीची ही सूचना मीं स्वतःच पाळली नव्हती. गतवर्षीं आषाढांत नातवासह धरणाकांठीं शोभा पाहत उभा राहिलों, आणि गाडी निघून गेली. एका वृद्ध शेतकऱ्यानें आम्हांस घरीं नेलें. तांदळाची भाकरी वाढतां वाढतां तो म्हणाला, "गुरुजी, तुम्ही ज्या पाण्याकडं बघत व्हता ना, त्याच्याखाली आमच्या आज्याचं घर हाय."

मला उत्तर सुचलें नाहीं. १९२१ ते १९२४ या काळांत सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं येथील शेतकऱ्यांनीं टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, हें मीं वर्गांत कितीदां शिकविलें! धरण झालेंच, १९२७ पासून त्याचें पाणी सह्याद्रीखालीं भिरा येथें नेऊन वीज निर्माण होऊं लागली. एवढें सगळें पाठ होतें. पण ज्यांचीं गांवें बुडालीं, त्यांच्यापैकीं कोणाच्या ओसरीवर मी तोंवर बसलों नव्हतों. सकाळीं निघतांना पैसे पुढें केले, ते त्यानें घेतले नाहींत.

अतिथीस देव मानावें, असें आपण म्हणतों. परंतु अतिथीसही त्याचा धर्म आहे. कांठावर बाटल्या टाकूं नयेत, भाताच्या खाचरांत शिरूं नये, आणि पाण्याची शोभा पाहून होतांच पाठ फिरवूं नये. कोणी वडीलधारें माणूस भेटल्यास "आपलें मूळ गांव कोणतें?" एवढें अवश्य विचारावें.