आबांची दुसरी भाकरी

नोव्हेंबर उजाडला की नोएडात सकाळ धुरकट होते. खिडक्या बंद होतात आणि वयस्कर मंडळींचं फिरणं सुटतं. आमच्या आबांचंही, म्हणजे माझ्या सासऱ्यांचंही, सुटलं. साताऱ्याकडे जन्मभर शेती केलेला हा माणूस आता बाराव्या मजल्यावर टीव्हीसमोर बसतो. भूक मात्र शेतावरचीच!

गेल्या हिवाळ्यात त्यांची साखर वाढली. डॉक्टरांनी जेवण आटोक्यात ठेवायला सांगितलं. त्या रात्री आबांनी दुसरी भाकरी मागे सरकवली. म्हणाले, "राहू दे सूनबाई. बसून खाणाऱ्याला काय करायचीय?"

मला चर्रर्र झालं. काम सुटलं म्हणजे अन्नावरचा हक्कही सुटला, असंच त्यांनी धरलं होतं.

मी म्हटलं, "आबा, तुम्ही बसलात तरी शरीर कामावरच असतं." हृदय, फुप्फुसं, मेंदू, यकृत कधीच सुट्टी घेत नाहीत. बैठ्या माणसाच्या दिवसभराच्या ऊर्जेतला साधारण ६० ते ७० टक्के वाटा यातच जातो.

उरतो तो हालचालीचा खर्च, आणि फरक तिथेच पडतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे २११० किलोकॅलरी पुरतात, तर कष्टाचं काम करणाऱ्याला ३४७० लागतात. उतारवयात गरज आणखी घटते. जास्तीची ऊर्जा थोडी यकृतात आणि स्नायूंत साठते, बाकीची चरबी होते.

मग आम्ही आहारतज्ज्ञांना विचारून ताट नव्याने मांडलं. बाजरीची भाकरी एक, सोबत वाटीभर मुगाची उसळ, दही आणि दिल्लीच्या थंडीतली ताजी मेथी किंवा पालक. वयानुसार स्नायू झिजतात आणि रक्तातली बरीचशी साखर तेच वापरतात, म्हणून प्रथिनं हवीतच. तूप बंद केलं नाही, मोजून वाढलं. पिठातल्या कर्बोदकांच्या एका ग्रॅममधून ४ किलोकॅलरी मिळतात, तुपाच्या ग्रॅममधून ९. शेजारून येणारी गजक आता सगळ्यांत वाटून एकेक तुकडा.

हवा वाईट असेल त्या दिवशी आबा घरातच खुर्चीतून दहा वेळा उठतात-बसतात. नातू मोठ्याने मोजतो आणि मुद्दाम चुकतो.

तुमच्याही घरी असे कुणी आबा असतील. त्यांना 'कमी खा' म्हणण्याआधी त्यांच्या ताटात काय वाढायचं, ते ठरवा.