बँडला किती माइक लागतात?

दिवाळीच्या सुमारास मला एक फोन हमखास येतो. बोनस झालेला असतो, बँडमधल्या चौघा-पाचजणांनी वर्गणी काढलेली असते आणि प्रश्न ठरलेला असतो : "ताई, घरीच रेकॉर्डिंग करायचंय, कुठला इंटरफेस घेऊ?" मी उलट विचारते, "तुम्ही एकत्र वाजवणार की एकेकटे?" पलीकडे थोडी कुजबुज होते आणि उत्तर येतं, "दोन्ही." पैसे वाया जायला सुरुवात होते ती या 'दोन्ही'पासून.

एकेकटे वाजवणार असाल तर दोन इनपुटचा छोटा इंटरफेस पुरतो. आधी क्लिकवर गिटार, मग बेस, मग ताल, शेवटी गळा असं थर चढवत जायचं. खर्च कमी, शेजाऱ्यांची कटकट कमी, चुकलं तर तेवढाच तुकडा परत. पण ज्या बँडची गाणी लय पुढे-मागे करत, एकमेकांच्या तोंडाकडे बघत वाजतात, त्यांचा या पद्धतीत जीव जातो. आपल्याकडच्या बहुतेक बँडमध्ये एखादी ढोलकी नाहीतर तबला असतोच, आणि ढोलकीवाल्याला कानात टिक-टिक लावून एकटं बसवलं की तो हिशेब केल्यासारखा वाजवतो. म्हणून माझा कौल साधारण एकत्र वाजवण्याच्या बाजूने असतो. आणि तसं ठरलं की मोजणी करावी लागते.

समजा ढोलकी, काहोन, अकूस्टिक गिटार, बेस, पेटी आणि दोन गाणारे आहेत. ढोलकीला दोन्ही तोंडांना एकेक माइक, म्हणजे दोन. काहोन एक, गिटार एक, पेटी एक, गळे दोन. बेस माइकशिवाय थेट. झाले आठ. आता दुकानात जाऊन खोक्यावरचे आकडे वाचा. फोकसराइटच्या १८आय२० या इंटरफेसवर अठरा इनपुट म्हटलेले असतात. त्यातले माइक लावता येतील असे आठ. आणखी आठ ऑप्टिकल केबलवरून येतात, त्यासाठी दुसरं एक यंत्र विकत घ्यावं लागतं, आणि उरलेले दोन डिजिटल. झूमचा एल-८ मिक्सर नावाला आठ, पण त्यात माइकच्या जागा सहा. कंपनी खोटं बोलत नाही, फक्त तिची मोजायची रीत वेगळी. तुम्ही खोक्यावरचा आकडा सोडा आणि मागच्या-पुढच्या पट्टीवर माइकची केबल जाईल अशी भोकं किती, ती बोटाने मोजा. कंडेन्सर माइक घेणार असाल तर ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा कुठल्या कुठल्या चॅनलवर आहे तेही पाहा. काही स्वस्त यंत्रांत तो दोनच जागी असतो.

मग लॅपटॉप आणि इंटरफेस, की स्वतःच रेकॉर्ड करणारा मिक्सर? आजच्या मुलांना लॅपटॉपशिवाय दुसरं काही सुचत नाही. मी मात्र घरोघरी फिरणाऱ्या बँडला कार्डावर रेकॉर्ड करणारं यंत्रच सुचवते. लॅपटॉपचा पंखा तापला की गरगरतो आणि तो नेमका अंतऱ्यात ऐकू येतो. अपडेट त्याला तेव्हाच आठवतं. शिवाय आवाज उशिरा कानात येण्याचा प्रश्न आहे. ४८ किलोहर्ट्झला बफर २५६ ठेवला तर आवाज आत जाताना पाच मिलिसेकंद आणि बाहेर येताना पाच. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे गायकाला स्वतःचाच गळा अकरा फुटांवरून आल्यासारखा ऐकू येतो. इंटरफेसवर लॅपटॉप टाळून थेट ऐकवणारं डायरेक्ट मॉनिटरिंग असतं, पण आठ चॅनलचं मिश्रण त्यावर जुळवत बसणं हे काम वाजवणाऱ्याचं नाही. मिक्सरवर फेडर वर-खाली केला की झालं. आठ ट्रॅक, २४ बिट, तासाभराचं रेकॉर्डिंग चार जीबीच्या जरा वर जातं. ३२ जीबीचं कार्ड सात तास सहज पुरतं. घरी येऊन फायली लॅपटॉपवर उतरवा आणि मग खुशाल रात्र रात्र मिक्सिंग करा.

लेव्हल मात्र भीतभीत ठेवा. कॅसेटच्या जमान्यात काटा लालला टेकवावा लागे, नाहीतर टेपची खरखर वर येई. २४ बिटला तशी गरज उरली नाही. सर्वांत जोरात थाप पडते तेव्हा उणे बारा डेसिबलच्या आसपास राहिलं तरी उत्तम. साउंडचेकला ढोलकीवाला जेवढं वाजवतो त्याच्या दीडपट तो गाण्यात वाजवतो, हे मी आजवर चुकलेलं पाहिलेलं नाही.

हेडफोनचा खर्च सगळे शेवटी धरतात आणि तिथेच काटकसर करतात. एकत्र वाजवायचं तर प्रत्येकाच्या कानावर बंद कपाचा हेडफोन हवा, नाहीतर एकाच्या कानातला आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो. आणि प्रत्येकाला वेगळं मिश्रण लागतं : गायकाला पेटी हवी, बेसवाल्याला ढोलकीचं डावं तोंड हवं. झूमच्याच एल-१२ मिक्सरला हेडफोनची पाच तोंडं आहेत आणि प्रत्येकाचं मिश्रण वेगळं ठेवता येतं. घरातल्या बँडसाठी मला हा गुण बाकी सगळ्या गुणांहून मोलाचा वाटतो. मात्र एल-१२ भिंतीतल्या विजेवरच चालतो. एल-८ चार पेन्सिल सेलवर किंवा पॉवर बँकवरही चालतो, म्हणून गावाकडच्या वाड्यात किंवा देवळात रेकॉर्डिंग असेल तर मी दोन माइक कमी करते आणि तोच नेते.

माइक कमी करणं ही काही तडजोड नव्हे. १९०२ साली कलकत्त्याच्या हॉटेलात खोली घेऊन फ्रेड गाइसबर्गने गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं तेव्हा त्याच्याकडे माइक नव्हताच, एक भोंगा होता. त्या काळी कोण किती ऐकू यायचं ते भोंग्यापासून किती लांब बसवलं यावर ठरे. कॅनडाच्या काउबॉय जंकीज या बँडने १९८७ साली टोरांटोच्या एका चर्चमध्ये आख्खा अल्बम एका माइकवर केला. आमची मुलं दाखला देतात तो अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा. १९८२ मध्ये त्याने न्यू जर्सीच्या घरी टॅस्कॅमच्या चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर, शुअरच्या दोन एसएम५७ माइकवर 'नेब्रास्का' हा अल्बम केला. पुढे बँडबरोबर करून पाहिला आणि शेवटी ती कॅसेटच बाजारात आणली. खरं आहे. पण तिथे वाजवणारा माणूस एकटा होता. त्या उदाहरणावर विसंबून सहा जणांनी दोन माइक घ्यायचे म्हटलं तर आधी बसायचं कसं ते शिकावं लागेल.

ते शिकण्यासारखंच आहे. पेटी वाजवत गाणारा माणूस घ्या. त्याचं तोंड आणि भाता यांत हातभराचंही अंतर नसतं. गळ्यासमोर साधा माइक ठेवला तर पेटी अंगावर येते आणि भात्याची सूंसूं वेगळीच. इथे आठच्या आकड्यासारखा, पुढून आणि मागून ऐकणारा पण दोन्ही कुशींनी बहिरा असलेला माइक लावते. त्याचं पुढचं तोंड गायकाच्या ओठांकडे, आणि बहिरी कूस खाली पेटीकडे. कोन जरासा फिरवत जा; एका जागी पेटी एकदम मागे सरते. तिथे स्टँड आवळायचा आणि त्याला पुन्हा कुणी हात लावायचा नाही. मागच्या तोंडासमोर दुसरं वाद्य नको, नाहीतर सगळी मेहनत फुकट. बाकी माइकांसाठी नियम एकच : वाद्यापासून माइक जेवढा लांब, त्याच्या किमान तिप्पट अंतर शेजारच्या माइकपर्यंत. छोट्या हॉलमध्ये ते जमत नाही असं वाटतं. सोफा बाहेर काढला की जमतं.

खोलीवर अंड्यांचे ट्रे चिकटवू नका. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते, तिला पुठ्ठ्याचं काय पडलंय! फोमच्या पातळ चौकोनांचीही तीच गत. ते फक्त वरचे सूर खातात आणि खोली कोंदट करतात. घरातली जाड गादी उभी करा, पण गायकाच्या पाठीमागे. बहुतेक जण ती माइकच्या मागे लावतात. माइक बघतो गायकाकडे, म्हणजे त्याला दिसते ती गायकाच्या मागची भिंत. खाली सतरंजी, कपाटाची दारं उघडी, कपडे तसेच लटकलेले. फ्रिज बंद करायचा असेल तर स्कूटरची किल्ली त्यात ठेवा. ती घेतल्याशिवाय घरी जाता येत नाही, म्हणून फ्रिज पुन्हा चालू करायचं राहत नाही. सोसायटीची पाण्याची मोटर कधी लागते ते वॉचमनकाकांना आदल्या दिवशी विचारून ठेवा.

घरघर आली तर ती बहुधा ५० हर्ट्झची, विजेच्या तारेतूनच येते. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर लावा आणि तिथे अर्थिंग खरंच आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्या. घरघर घालवायला प्लगची अर्थिंगची पिन काढणारे महाभाग मला भेटलेत. माइकच्या जाळीला ओठ लागतो तेव्हा त्याचा अर्थ कळतो. बेस साध्या माइक इनपुटला जोडला तर आवाज मळकट येतो, कारण त्या पिकअपला दहा लाख ओहमच्या आसपासचा इनपुट हवा असतो. यंत्रावर 'हाय-झी'चं बटण असेल तर ते दाबा, नसेल तर डीआय बॉक्स घ्या.

पैसे कमी पडले तर माइक सेकंडहँड घ्या, यंत्र शक्यतो नवं. एसएम५७ आणि एसएम५८ साठच्या दशकापासून चालत आलेत, पडले-आपटले तरी गातात, आणि ढोलकीपासून गळ्यापर्यंत कुठेही चालतात. फक्त बाजारात त्यांच्या नकला रग्गड आहेत आणि त्या वरून ओळखू येत नाहीत. खरा एसएम५८ भरतो २९८ ग्रॅम, एसएम५७ भरतो २८४. जाताना स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पिशवीत टाका. वजन बरोबर आलं म्हणजे माल खरा असं नाही, पण काट्यावर अडीचशे दिसले तर विकणाऱ्याशी भावाची बोलणी करू नका, चहा घ्या आणि उठा.