काळ्या रंगाखालचं ॲल्युमिनियम

काळ्या व्हीलची लाट आली तेव्हा अनेकांनी गाडीची चंदेरी मॅगव्हील काळी करून घेतली. कुणी सोनेरी केली, हौशी मंडळींनी लाल. गाडी विकायची वेळ आली की तोच मालक दुकानात येऊन म्हणतो, ‘होती तशी करून द्या.’ रंग चढवायला जेवढा वेळ लागला तेवढ्यातच तो उतरेल, असा त्याचा हिशेब असतो. जाणता कारागीर त्यावर वाद घालत नाही. तो व्हील उलटं करतो.

पाठीमागच्या कडेवर थिनरचं फडकं थोडा वेळ दाबून धरलं की निम्मी माहिती मिळते. फडक्याला रंग लागला, तर तो डब्यातला साधा, हवेवर वाळलेला स्प्रे. फडकं स्वच्छच राहिलं, तर बहुधा पावडर कोटिंग: १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत वितळून एकजीव झालेला थर, थिनरला दाद न देणारा. सोलून निघणारा रबरी रंग नखाने उचलता येतो. मात्र तो पातळ मारला असेल तर पापुद्रा सुटत नाही, नुसता चुरा पडतो. मालकाने रंगात वाचवलेले पैसे मग मजुरीत जातात.

ॲनोडायझिंगची तऱ्हा वेगळी. तिथे रंग धातूवर बसलेलाच नसतो, तो ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडच्या सूक्ष्म छिद्रांत मुरलेला असतो. तो घालवायचा तर ऑक्साइडचा थरच विरघळवावा लागतो. सुदैवाने गाडीच्या व्हीलवर हा प्रकार क्वचित दिसतो.

रंग ओळखल्याशिवाय डबा उघडला, की घोळ सुरू होतो. लोखंडी रिमचा रंग कॉस्टिक सोड्याने निघतो, म्हणून कुणी तोच अलॉयवर ओततो. ॲल्युमिनियम त्यात विरघळू लागतं, हायड्रोजनचे बुडबुडे उठतात आणि रंगाबरोबर धातूही जातो.

डायक्लोरोमिथेन असलेला रिमूव्हर धातूला हात न लावता पावडर कोटिंगचे फुगे उठवतो, तेही काही मिनिटांत. कारागीर त्याच्या प्रेमात पडले यात नवल नाही. पण त्याची वाफ हवेपेक्षा जड असते आणि शरीरात गेल्यावर तिच्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात बाथटबचा जुना थर काढणारे किमान १३ कामगार या वाफेने दगावले. २०१९ मध्ये तिथे सामान्य ग्राहकांना असे रिमूव्हर विकण्यावर बंदी आली. बेंझिल अल्कोहोलचे पर्याय सावकाश काम करतात, कधी रात्रभर थांबवतात. थांबावं.

सगळ्यांत फसवा मार्ग भट्टीचा. पुष्कळ व्हील ए३५६ या मिश्रधातूची असतात: ॲल्युमिनियम, सुमारे ७ टक्के सिलिकॉन, किंचित मॅग्नेशियम. ओतलेलं व्हील ५४० अंशांच्या आसपास तापवून पाण्यात थंड करतात, मग साधारण १५५ अंशांवर काही तास ठेवतात. त्याची बरीचशी ताकद या उष्णोपचारातून येते. रंग जाळायला तेच व्हील ४०० अंशांत घातलं, तर ही कमाई वाया जाते. बाहेरून काहीच कळत नाही. व्हील स्वच्छ, गोल आणि कमकुवत!

ब्लास्टिंगचा मारा झटपट, पण खरखरीत. वर पुन्हा पावडर बसवायची असेल तर ती खरखर उपयोगीच पडते, कारण थर घट्ट धरतो. आरशासारखं पॉलिश हवं असेल तर मात्र तीच घोटून काढण्यात दिवस जातो. ब्लास्टिंगला साधी वाळू वापरणं तर सोडूनच द्यावं. तिच्या धुळीने सिलिकोसिस होतो.

उघडं पडलेलं ॲल्युमिनियम फार काळ तसंच ठेवू नये. मुंबई-कोकणच्या खाऱ्या दमट हवेत ते लवकर निस्तेज होतं. लॅकरचा थर कुठे फाटला असेल तर त्याखाली किड्याच्या वाटेसारखी गंजरेघ सरकत जाते.

आणखी एक जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते: नट जिथे टेकतात ती बैठक आणि हबला चिकटणारी मागची सपाट बाजू. तिथे रंगाचा जाड थर राहिला की आवळलेला नट हळूहळू सैल पडतो, कारण दाबाखाली रंग चेपतो. नवा रंग देतानाही या जागा झाकून ठेवायला सांगा. व्हील बसवून साधारण १०० किलोमीटर गाडी चालली, की टॉर्क रेंचने नट पुन्हा तपासून घ्या.