लाइट गेलेली रात्र

सावनेरला घरून काम करत होते तेव्हा एका रात्री 'मित्राची गोष्ट' वाचून काढलं. बाहेर छिंदवाड्याकडे जाणाऱ्या ट्रकांचा आवाज. आई डोकावली, "काय वाचून राहिली एवढं?" म्हटलं, तेंडुलकरांचं नाटक. तिला अभ्यासाचं वाटलं, झोपायला गेली.

१९८१ चं नाटक. सुमित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडींनी केली होती. स्वातंत्र्याआधीचं कॉलेज, मित्राचं प्रेम नमावर. नमाला मित्राही हवी आणि तिचा तो मन्या दळवीही. शेवटी मित्रा जीव देते. आणि हे सगळं आपल्याला सांगतो बापू, तिच्यावर जीव असलेला लाजाळू मुलगा.

याच्या तीनच वर्षं आधी, फ्रँको गेल्यावर मोकळ्या होत चाललेल्या स्पेनमध्ये, एस्तेर तुस्केत्सची पहिली कादंबरी आली. मी ती इंग्रजीत वाचली. बार्सिलोनातली मध्यमवयीन प्राध्यापिका आणि तिची विद्यार्थिनी क्लारा. वाक्यं इतकी लांब की मोबाइलवर दोन-दोन स्क्रीन पूर्णविराम सापडत नाही! गोड शेवट तिथेही नाही. बाई नवऱ्याकडे परत जाते, क्लाराला सोडून. पण ओढ, शरीर, स्वतःचा भित्रेपणा, सगळं ती स्वतः सांगते. मध्ये कुणी बापू नाही.

मला बापूचाच राग येत होता. मग आठवलं.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, होस्टेलवर लाइट गेलेली असताना रूममेटने मला सांगितलं की तिला एक मुलगी आवडते. मी म्हणाले, "होतं गं असं. लग्न झालं की जातं." बापूने निदान त्या दोघींना भेटायला खोली दिली होती. मी कूस बदलून झोपले. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने संमतीचे समलिंगी संबंध ३७७ मधून वगळले, तेव्हा मी स्टेटसला इंद्रधनुष्य ठेवलं. तिने ते पाहिलं. बोलली काहीच नाही.

आता तिची गोष्ट पुन्हा मीच सांगतेय. म्हणून हा लेख आधी तिला पाठवला. छापू का विचारलं, आणि त्या रात्रीबद्दल माफीही मागितली. दोन दिवसांनी उत्तर आलं.

"छाप. पण लाइट गेली नव्हती. मीच बंद केली होती."