आवक आहे, जावक नाही

चिखलीहून शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला निघालेली गाडी मेहकरला हमखास थांबते. चहा होतो, मुलांचे पाय मोकळे होतात आणि गाडी मालेगावच्या दिशेने पुढे जाते. त्याच मेहकरहून उजव्या हाताला एक रस्ता लोणारकडे फुटतो. तेथील पाटी चिखलीच्या व्यापारी कुटुंबांनी वर्षानुवर्षे वाचलेली असते. वळण मात्र क्वचितच घेतले जाते. चिखली ते लोणार हे अंतर सुमारे ७० किलोमीटर, म्हणजे दोन तासांच्या आतबाहेरचा प्रवास. ज्या सरोवराच्या अभ्यासासाठी साता समुद्रापलीकडून शास्त्रज्ञ येतात, ते आपल्याच जिल्ह्यात असल्यामुळे मागे पडते. पिकते तिथे विकत नाही, ही म्हण बाजाराइतकीच प्रवासालाही लागू पडते.

हिवाळ्यातील एका रविवारी चिखलीतील अशाच एका कुटुंबाने ते वळण घेतले. आजोबा, आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे असा सहा जणांचा मेळा होता. गाडी दिवसभरासाठी ठरवलेली होती. प्रश्न होता तो वाटाड्याचा. मुलाचे म्हणणे असे, की तळे डोळ्यांना दिसतेच, मग ते दाखवायला माणूस कशाला? आजोबांचे आयुष्य आडतीच्या व्यवसायात गेले होते. ते एवढेच म्हणाले, "माल सगळ्यांनाच दिसतो. प्रत ज्याला कळते त्यालाच कळते." लोणारमधील एक माहीतगार गृहस्थ फक्त या कुटुंबासाठी, पूर्ण दिवस बरोबर राहायला तयार झाले. मोबदला फोनवरच ठरला, त्यामुळे दिवसभरात पुन्हा पैशाचा विषय निघाला नाही.

दिवसाची आखणी सूर्यास्तावरून उलटी मोजत केली होती. संध्याकाळचे जेवण दिवस मावळण्यापूर्वी व्हायला हवे, म्हणजे साडेचारपर्यंत विवरातून वर यायला हवे, म्हणजे दहाच्या आत खाली उतरायला सुरुवात हवी. न्याहारी मेहकरला झाली. दशम्या, खाकरे आणि गाळलेल्या पाण्याच्या बाटल्या बरोबर होत्या.

लोणारचे पहिले दर्शन अचानक होते. सपाट शेते, तुरीची पिवळी फुले, गावातील घरे, आणि मग एका क्षणी पायाखालची जमीन संपते. समोर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, जवळजवळ वर्तुळाकार विवर असते. काठापासून तळापर्यंतची खोली १३५ ते १५० मीटर, म्हणजे पंचेचाळीस मजल्यांच्या इमारतीइतकी. उतारावर दाट झाडी आणि तळाशी हिरवट पाण्याचे तळे. काठावर मोरांचे आवाज ऐकू येत होते, वानरांची एक टोळी कठड्यावर बसली होती. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

"हा ज्वालामुखी ना?" नातीने विचारले.

वाटाड्याने लगेच हो किंवा नाही म्हटले नाही. त्यांनी मुलांना काठावरचे खडकांचे थर पाहायला सांगितले. दख्खनच्या पठारावर बेसाल्टचे थर एकावर एक, जवळजवळ आडवे पसरलेले असतात. घाटातून जाताना ते कोणालाही दिसतात. येथे मात्र काठावरचे थर बाहेरच्या बाजूला कललेले होते, जणू कोणी आतून उचकटून वर उचलले असावेत. काठही भोवतालच्या शेतांपेक्षा सुमारे वीस मीटर उंच आहे.

नातीचा प्रश्न भल्याभल्यांना पडला होता. १८२३ मध्ये एका ब्रिटिश अधिकाऱ्याने या विवराची नोंद केल्यानंतर दीर्घकाळ अनेक भूशास्त्रज्ञ त्याला ज्वालामुखीचेच मुख समजत होते. तसा समज होणे स्वाभाविक होते, कारण येथील प्रत्येक दगड खरोखरच ज्वालामुखीचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी झालेल्या प्रचंड उद्रेकांतून दख्खनचे पठार तयार झाले. पण ते उद्रेक केव्हाच शांत झाले होते आणि हे विवर त्यांच्या मानाने कालपरवाचे आहे. दगड ज्वालामुखीचा, खड्डा मात्र नव्हे. आकाशातून अतिप्रचंड वेगाने आलेली उल्का येथे आदळली आणि त्या आघाताने हे विवर निर्माण झाले.

याचा निर्णायक पुरावा १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम या भारतीय व अमेरिकी शास्त्रज्ञांनी विवरात खोल छिद्रे घेऊन खडकांचे नमुने काढले. त्यांत मॅस्केलिनाइट नावाचा काचेसारखा पदार्थ सापडला. खडकातील एक नेहमीचे खनिज वितळून नव्हे, तर प्रचंड धक्क्याने दाबले जाऊन त्याची काच झाली होती. असा दाब ज्वालामुखीतून निर्माण होत नाही. बाहेरून पाहून जो निर्णय होत नव्हता, तो आतला नमुना हाती आल्यावर झाला. हे ऐकताना आजोबांची मान हलत होती. पोत्याच्या तोंडचा दाणा पाहून भाव करू नये, बंबी खुपसून आतला दाणा काढावा, हे त्यांनी मुनिमांना कितीदा तरी सांगितले होते.

बेसाल्टच्या खडकात झालेली आणि इतकी सुस्थितीत राहिलेली आघात-विवरे जगात फारच थोडी आहेत. चंद्रावरील काळसर मैदाने बेसाल्टची आहेत, मंगळावरही हा खडक विपुल आहे. म्हणून तेथील विवरे समजून घेऊ पाहणाऱ्या अभ्यासकांना पृथ्वीवर लोणारला यावे लागते. विवराच्या वयाविषयी मात्र अजून एकवाक्यता नाही. आधीच्या मापनाने ते सुमारे ५० हजार वर्षे निघाले होते, नंतरच्या अधिक सूक्ष्म मापनाने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. वाटाड्याने दोन्ही आकडे सांगितले आणि एकच सांगून मोकळे होण्याचा मोह टाळला.

पुराणकथेचे उत्तर वेगळे आहे. लवणासुर येथे जमिनीखाली दडून बसला होता. विष्णूने दैत्यसूदन होऊन वरचे झाकण पायाच्या अंगठ्याने उडवले आणि त्याचा वध केला, अशी ती कथा. शास्त्रापूर्वी कितीतरी आधी लोकांनी येथे वरून झालेला आघात आणि खारे पाणी या दोन गोष्टी एकत्र गुंफल्या होत्या, याचे सुनेला विशेष वाटले.

गोमुखाची धार विवराच्या उतारावर आहे. बारमाही वाहणारे हे गोडे पाणी. तेथील जुन्या मंदिराच्या सावलीत आजी थांबल्या. गुडघ्यांनी त्यांचा निर्णय आधीच दिला होता. आजोबा मात्र काठी घेऊन खाली निघाले. त्यांना खार पाहायचा होता. त्यांच्या लहानपणी घरी पापड लाटले जात, तेव्हा लोणारच्या खाराचे नाव मोठी माणसे घेत असत. तो खार जिथून यायचा ती जागा त्यांनी कधी पाहिली नव्हती.

पायऱ्यांनंतर झाडीतली पायवाट लागते. वाटेत शेवाळलेली, मोडकळीस आलेली मध्ययुगीन मंदिरे दिसतात. काठाजवळ आल्यावर पाण्याचा उग्र वास येतो. वाटाड्याने खिशातून हळद लावलेली कागदाची पट्टी काढली आणि पाण्यात बुडवली. पिवळी पट्टी पाहता पाहता लाल झाली. "हळदीचे कुंकू झाले!" नातू ओरडला. हळदीला चुना लागला की ती लाल होते, तसेच हे पाणी चुन्यासारखे अल्कधर्मी आहे, असे सांगून वाटाड्याने ती ओली पट्टी पुन्हा आपल्याच पिशवीत ठेवली. पाण्यात काही टाकायचे नाही, हा त्यांचा नियम होता.

पाणी असे का झाले, हे त्यांनी व्यापाऱ्यांच्याच भाषेत सांगितले. "याच्यात आवक आहे, जावक नाही." पावसाचे पाणी आत येते, झऱ्यांचे येते, पण बाहेर जाणारा एकही प्रवाह नाही. पाणी फक्त उन्हाने उडून जाते आणि त्याच्याबरोबर आलेले क्षार मागे राहतात. हजारो वर्षांची ही शिल्लक आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पूर्वी काठावर खाराचे थर गोळा केले जात. त्यांच्या प्रतीनुसार डल्ला, पापडी, भुस्की अशी नावे होती. काच आणि साबण तयार करण्यासाठी तो जात असे. अकबराच्या काळातील ऐन-ए-अकबरीतही या भागातील काच-साबणाच्या मालाची आणि त्यापासून मिळणाऱ्या महसुलाची नोंद आहे. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी हे तळे एक चालती पेढी होते. आजोबांनी काठावरची पांढुरकी माती पाहिली, वाकून तिला बोट लावले आणि बोट रुमालाला पुसले.

हे पाणी खारे असले, तरी निर्जीव नाही. हिरवा रंग सूक्ष्म शेवाळाचा आहे. जून २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, हेच पाणी गुलाबी झाले आणि लोणारचे नाव देशभर गाजले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा तो रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा असल्याचे आढळले. पाणी कमी झाले, खारेपणा वाढला, ते जीव बळावले. पाऊस पडल्यावर रंग ओसरला. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांनी एवढे मोठे तळे रंगवावे, या गोष्टीवर मुले बराच वेळ बोलत होती.

याच वाटेवर परतताना तो प्रसंग घडला. नातवाच्या मुठीत एक काळा, चकचकीत दगड होता. उल्केची काच सापडली म्हणून तो हरखून गेला होता. वाटाड्याने दगड उन्हात धरून पाहिला. तो आघाताने झालेल्या काचेचा आहे की साधा बेसाल्ट, हे सूक्ष्मदर्शकाशिवाय सांगता येणार नाही, असे ते म्हणाले. मग त्यांनी जोडले, "बाळा, येथून दगड न्यायला परवानगी नाही." ही जागा अभयारण्य आहे, राष्ट्रीय भूवारसा स्थळ आहे आणि २०२० पासून रामसर यादीतील पाणथळही. मुलाचा चेहरा उतरला. एका दगडाने काय होते, असे त्याच्या वडिलांनाही वाटले आणि ते तसे बोललेही.

आजोबा दम घेत बाजूच्या शिळेवर बसले होते. त्यांनी नातवाला जवळ बोलावले. "दुकानात रोज किती गिऱ्हाइके येतात? प्रत्येकाने फक्त एकच शेंगदाणा उचलला, तर पोते किती दिवस पुरेल?" मुलाने हिशेब करून पाहिला. आजोबा पुढे म्हणाले, "आणि पोते पुरले तरी, दिलेले नाही ते घ्यायचे नाही." मुलगा मागे पंचवीस-तीस पावले गेला. दगड कोठे होता ते त्याला नक्की आठवत होते. तो तिथेच ठेवून तो परत आला.

चढताना वाटाड्याने या पेढीची दुसरी बाजू सांगितली. जावक नसलेल्या तळ्याला आवक बदललेली सोसत नाही. गोडे पाणी जास्त आले तर खारेपणा उतरतो आणि त्यावर जगणारे जीव संपतात. झरे आटले तर तळे आक्रसते. गावातील सांडपाणी, शेतांतून वाहून येणारी खते, पर्यटकांनी टाकलेले प्लास्टिक हे सारे आत येते आणि आतच राहते. इतर नदी-तळ्यांची चूक पावसाळा कधीतरी धुऊन नेतो. लोणारच्या खात्यावर पडलेली रक्कम पुसली जात नाही.

सव्वाचारला मंडळी वर पोहोचली. आजींनी गोमुखापाशी येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलत वेळ छान घालवला होता. गावातील दैत्यसूदन मंदिराचे दगडी कोरीव काम उन्हे कलती असताना पाहिले. तारकाकृती विधानाच्या त्या भिंतींवर प्रकाश आणि सावली फार सुंदर पडते. जेवण दिवसाउजेडी झाले. खरकटे, कागद आणि रिकाम्या बाटल्या एका पिशवीत भरून गाडीत ठेवल्या. निरोप घेताना मुलाने वाटाड्याच्या हाती ठरलेला मोबदला दिला आणि पुढच्या महिन्यात येणाऱ्या पाहुण्यांसाठी त्यांचा एक दिवस आत्ताच मागून घेतला.

अंधार पडता पडता गाडी मेहकरला आली. मुले झोपली होती. आजोबांनी सवयीप्रमाणे खिशातील छोटी वही काढली आणि गाडीतल्या दिव्यात दिवसाचा खर्च मांडला. गाडी, इंधन, न्याहारी, वाटाड्या, मंदिरातील पेटी. बेरीज झाल्यावर ते क्षणभर थांबले आणि खाली आणखी एक ओळ लिहिली : दगड एक, जागेवर परत.