शंभरपर्यंत कधी?

सोमवार, १५ जुलै
पावसामुळे अंगणवाडीतली निम्मी पोरं घरीच. मदतनीस ताईंची खिचडी होईपर्यंत चिंचोक्यांची बरणी काढली. दोन वेण्यांची ती चार वर्षांची मुलगी एक ते वीस धडाधड म्हणते. तिला म्हटलं, "मला तीन दे गं." तिने ओंजळच रिती केली. मोजायला सांगितलं तर एकेकावर बोट ठेवत नीट सातपर्यंत गेली. "मग किती झाले?" तर पुन्हा "एक, दोन..." सुरू! सात हा शेवटच्या चिंचोक्याचा नंबर नाही, सगळ्यांचा मिळून आहे, हे अजून तिच्या गावीही नाही. तिला काही बोलले नाही. हे सांगून कळत नाही, पुष्कळ वेळा देता-घेता एक दिवस आपसूक कळतं.

मंगळवार, १६ जुलै
बाटल्यांची बुचं काढली. नव्या मुलाला प्रत्येक बूच 'निळा'च. रंग दिसत नाहीत म्हणावं, तर लालाशेजारी बरोबर लाल ठेवतो. म्हणजे डोळा तयार आहे, नाव बसायचं आहे. म्हणून आधी नुसत्या जोड्या. मग "हा लाल, हा पिवळा" असं दोनच रंगांचं. मग "लाल दे". हे जमलं की शेवटी "हा कोणता?" सेगँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांची ही पद्धत माँटेसरीबाईंनी उचलली. आपण मात्र मूल दारात दिसलं की पहिल्यांदा शेवटचाच प्रश्न विचारतो. पाहुणे तर हमखास.

एकीने घरातल्या डबीतून गुंजा आणल्या होत्या. लाल-काळ्या, मोठ्या देखण्या. पण विषारी, आणि आमची पोरं सगळं तोंडात घालून बघणारी. आईच्या हातात परत दिल्या.

गुरुवार, १८ जुलै
आज वाट्या वाटायचं काम धाकट्या भिल्लूकडे दिलं (घरचे सगळे त्याला भिल्लूच म्हणतात). आकडे येत नाहीत. दोन हातांत मावतील तेवढ्या वाट्या घेऊन निघाला, एकेकाच्या पुढे ठेवत गेला. कोपऱ्यातली तिघं राहिली. परत आला आणि ताईंना म्हणाला, "याला, याला आणि तिला." दोघी बघतच राहिलो. तीन हा शब्द नाही, पण तीन वाट्या बरोबर नेल्या. एकही जास्त नाही. एकाला एक लावणं हाच गणिताचा पाया, आणि तो आमच्याकडे रोज खिचडीच्या वेळी घातला जातो. तरी भेटीला येणारे विचारतात, तक्ता कुठे आहे?

शुक्रवार, १९ जुलै
उघडीप. पोरांना घेऊन ओहोळापर्यंत गेलो. पानं गोळा केली, पडवीत फिक्यापासून गडदापर्यंत ओळ लावली. आंब्याची कोवळी तांबूस पानं कुठे ठेवायची यावर भांडण झालं. पाच वर्षांच्या एकाचं म्हणणं, ती हिरव्यांच्या ओळीत नकोतच. दुसरीचं म्हणणं, मोठी झाल्यावर ती हिरवीच होणार ना! मी मध्ये पडले नाही. वेगळी ओळ झाली. तेवढ्यात कुणीतरी सागाचं कोवळं पान चुरगळलं आणि तळहात लालभडक. पाड्यावरच्या पोरांना हे ठाऊकच असतं. मलाच रंग शिकवायचं साहित्य म्हणून ते सुचलं नव्हतं.

मग ओळींची तुलना. लाल पाच, हिरवी पाच, पण हिरवी लांब-लांब मांडलेली. "हिरवी जास्त," सगळे एका आवाजात. मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी स्वित्झर्लंडमध्ये मुलांपुढे हेच मांडून पाहिलं होतं, प्रशिक्षणात ऐकलं होतं. समोर घडताना ऐकायची मजा वेगळी.

शनिवार, २० जुलै
एका वडिलांनी रस्त्यात गाठलं. "बाई, शंभरपर्यंत कधी? तिकडच्या इंग्रजी शाळेतली पोरं वहीत लिहितात." त्यांचा राग खोटा नाही, फी भरणाऱ्याच्या पोराच्या हातात वही दिसते, आमच्याकडे चिंचोके. म्हटलं, "दादा, घरी तुमच्या पोराला दोन बटाटे आणायला सांगा. बरोबर दोन आणले तर मला सांगा." ते हसले. पटलं असं वाटत नाही.

चिंचोक्यांवर शिकवणं इथे नवं नाही. आमच्या डहाणू तालुक्यातच ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडला गेलं. माँटेसरीच्या रंगपाट्या पाड्यावर कुठून आणणार? त्यांनी बिया, शिंपले, पानंच हाती घेतली. पोरं शाळेत येईनात, तर शाळाच अंगणात नेली, गुरांमागे कुरणात नेली. 'अंगणवाडी' हे नावही तिथलंच. अंगणवाड्यांची सरकारी योजना नंतर, १९७५ मध्ये सुरू झाली.

शिंपीदादांनी उरलेली बटणं देतो म्हटलंय. सोमवारी आणायची. आधी रंगांवरून वेगळी करू, मग दोन भोकांची आणि चार भोकांची. लहान गटाला फक्त मोठी बटणं, गिळता येणार नाहीत अशी.