खडकावरचे ओरखडे

आमच्या घरात डोंगर चढायचे दोन वेग आहेत. बायको आणि लेक चालतात, मी थांबतो. “बाबा, पुन्हा?” हे वाक्य वेल्समधल्या मेंढ्यांनाही एव्हाना पाठ झालं असेल.

तिथल्या एरीरीच्या डोंगररांगेतलं सगळ्यात उंच शिखर, अर विद्वा, १०८५ मीटरचं. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या खांद्यालाही पोचत नाही. शिवाय १८९६ पासून वर आगगाडी जाते. पण उंचीवरून त्या डोंगरांना हसू नये. तिथला पाऊस वरून पडत नाही, समोरून येतो.

आम्ही निघालो होतो याच डोंगरांतल्या कूम इद्वालला. ओग्वेन दरीतून दगड बसवलेली वाट चढते आणि अर्ध्या-पाऊण तासात तळं समोर येतं. तिन्ही बाजूंनी कडे. मागच्या कड्याला एक काळी चीर आहे. तिच्यातून धुकं असं वर येतं, की जणू आत कोणी ओली लाकडं चुलीत घातली आहेत. इंग्रज तिला सैतानाचं स्वयंपाकघर म्हणतात, ते उगाच नाही.

मी अर्थातच त्या धुक्याच्या मागे लागलो. ट्रायपॉड लावला, लेन्स पुसली, पुन्हा थेंब, पुन्हा पुसली. कड्यावर उजेड पडेल म्हणून वीस मिनिटं उभा. थर्मासमधला चहा माझ्याशिवाय संपला.

तेवढ्यात लेकीची हाक आली. ती एका गुळगुळीत खडकावर उकिडवी बसली होती. ढग जरासा सरकला, ऊन तिरपं आलं, आणि खडकावर समांतर ओरखडे उमटले. जणू कुणी खरखरीत घासणीने ताट घासलंय. एका ओरखड्यात तिचं बोट नेमकं बसत होतं. हे बर्फाचं काम. बारा-एक हजार वर्षांपूर्वीपर्यंत इथे हिमनदी होती, आणि तिच्या तळाशी अडकलेल्या दगडांनी खडक असा खरवडला. मी तिथूनच तर आलो होतो, त्याच खडकावर पाय देऊन.

माझं समाधान एवढंच, की चूक थोरामोठ्यांच्या पंक्तीतली होती. १८३१ च्या ऑगस्टमध्ये बावीस वर्षांचा डार्विन प्राध्यापक सेजविकांबरोबर इथेच जीवाश्म शोधत तासन्‌तास फिरला. ओरखडे, वाहत आलेले धोंडे, हिमनदीने रचून ठेवलेले ढिगारे, सगळं डोळ्यांपुढे होतं. दोघांनाही त्यातलं काही दिसलं नाही. मधल्या काळात हिमयुगाची कल्पना पुढे आली. १८४२ मध्ये डार्विन परत आला, तेव्हा तीच दरी त्याला उघड्या पुस्तकासारखी वाचता आली.

लेकीने तिच्या मोबाइलवर एक फोटो काढला: ओला खडक, तीन रेघा, स्वतःचं बोट. माझे दोनशे बारा झाले. त्यांतल्या बहुतेकांत धुकं आहे, उरलेल्यांत लेन्सवरचे थेंब.

तुम्ही गेलात तर लेन्स पुसायला दोन फडकी न्या. पहिलं तळ्यापर्यंतच भिजतं.